खाडीमागून खाडी : मांडवा ते रत्नागिरी, सायकलवरचे सात दिवस

पहिला दिवस : मांडवा ते मुरुड

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मी आणि माझी पुतणी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत चढलो. ही बोटसेवा २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून मुंबईच्या सायकलस्वारांना पनवेल-पेणचा रहदारीचा रस्ता टाळून तासाभरात थेट अलिबाग तालुक्यात उतरता येऊ लागले. पुतणीकडे डिस्क ब्रेकची नवी रोड बाइक होती आणि तिचे टायर २८ मिलिमीटरचे होते. माझी सायकल जुनी, रिम ब्रेकची, पण पुढचे लहान चक्र ३४ दातांचे आणि मागचे मोठे चक्रही ३४ दातांचे असल्यामुळे चढावर पाय फिरत राहतील एवढी खात्री होती. सामान प्रत्येकी सहा किलोंच्या आत ठेवले होते. कोकणच्या घाट्यांमध्ये सातवा किलो फार जड जातो, हे मी पूर्वीच्या एका फेरीत शिकलो आहे.

आखणी करताना आम्ही रोजचे किलोमीटर आधी ठरवले नाहीत. खाड्या मोजल्या आणि त्यांवरून मुक्काम पाडले. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या जांभ्याचे सडे कापत समुद्राला मिळतात, त्यांच्या मुखांशी भरतीचे पाणी आत दूरवर शिरते, आणि प्रत्येक मुखाशी किनाऱ्याचा रस्ता एकतर पुलावर चढतो किंवा जेट्टीवर येऊन थांबतो. मध्ये शंभर-दीडशे मीटर उंचीचे सपाट सडे असतात. म्हणून इथला दिवस एकाच क्रमाने पुढे सरकतो: पुळणीलगतची नारळीची वाडी, मग घाटी, मग उघडा सडा, मग उतार, आणि उताराच्या तळाशी खाडी.

पहिल्या दिवशी मात्र हा क्रम फारसा जाणवत नाही. मांडवा ते अलिबाग आणि पुढे चौलपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेते होती आणि त्यांत पांढऱ्या कांद्याचे वाफे होते. हा कांदा २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून रस्त्यावरच्या पाट्यांवर अभिमानाने मिरवतो आहे. चौल-रेवदंडा हा एकेकाळचा मोठा बंदरभाग. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला होता. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीच्या दारातून आजही डांबरी रस्ता जातो आणि सायकलवरून त्या कमानीखालून जाताना क्षणभर अंगाला गारवा लागतो. पुढे कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली एक स्वतंत्र बोली अजून घराघरांत बोलली जाते. पाणी घेण्यासाठी थांबलो तेव्हा दुकानातल्या दोन आजीबाई आपसांत त्या बोलीत बोलत होत्या आणि आमच्याकडे वळल्यावर त्याच दमात आगरी वळणाच्या मराठीत आल्या.

काशीदनंतर पहिला खरा चढ लागला. नांदगावहून मुरुडला पोहोचेपर्यंत सूर्य समुद्राला टेकत आला होता. मुक्कामाच्या घरी त्या रात्री पोपटीचा बेत होता. वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे आणि ओवा-मीठ मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून, मडके उपडे करून भोवती पाला-काटक्या पेटवल्या होत्या. सत्तर किलोमीटरनंतर त्या शेंगांइतके चवीचे मी वर्षभरात काही खाल्ले नव्हते.

दुसरा दिवस : मुरुड ते श्रीवर्धन

मुरुडहून आगरदांड्याकडे जाताना टेकडीवरून जंजिरा पूर्ण दिसतो. सकाळच्या धुरकट उजेडात तो किल्ला पाण्यावर ठेवल्यासारखा वाटला. आगरदांडा-दिघी ही आमची या फेरीतली पहिली जंगलजेट्टी. किनाऱ्यावरचे लोक या फेरीबोटींना हेच नाव देतात. बोटीची लोखंडी फळी उतारावर टेकली की आधी माणसे व दुचाकी उतरतात, मग गाड्या. उताराचा खालचा भाग भरतीला पाण्याखाली जातो, त्यामुळे त्यावर शेवाळ असते आणि तिथे सायकलवर बसून जाणे म्हणजे हात-पाय मोडून घेणे आहे. आम्ही दर वेळी खाली उतरून, ब्रेक धरून, सायकल हाताने नेली.

दिघीहून घाटी चढून बोर्लीपंचतनमार्गे दिवेआगरला आलो. तिथून भरडखोल, शेखाडी, आरावी असा श्रीवर्धनला जाणारा जो रस्ता आहे, त्याला मी या सातही दिवसांत पहिला क्रमांक देईन. रस्ता समुद्रापासून काही ठिकाणी हातभरच अंतरावर आहे, डांबर चांगले आहे, वाहने तुरळक, आणि चढ लहान असल्यामुळे श्वास सांभाळत आजूबाजूला पाहता येते. पुतणी पुढे होती. एका वळणावर ती थांबली आणि म्हणाली, “काका, इथे जोरात जायची लाज वाटते.” तिथून आम्ही चालत गेलो असतो तरी चालले असते, इतक्या सावकाश गेलो.

श्रीवर्धन ही भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची भूमी, पण आज गावाची ओळख रोठा सुपारीने होते. आम्ही उतरलो त्या घराच्या अंगणात सालासकट सुपारी वाळत पसरली होती. घरच्या मावशी मधूनमधून अनवाणी पायाने ती खालीवर करत होत्या आणि पायाखालून सुपाऱ्या घरंगळण्याचा कोरडा आवाज येत होता. मी एक उचलून कानाशी हलवली. आत बी वाजली नाही. मावशी म्हणाल्या, “अजून ओली आहे ती. वाजायला लागली की सोलायची.” त्यांनी ढिगाच्या दुसऱ्या टोकाची एक मुठीत दिली, ती खुळखुळ्यासारखी वाजत होती आणि तिचे साल नखाने तंतूतंतूंनी सुटत होते.

अंगणामागच्या आगरात पोफळी होत्या, पण त्यांच्यामध्ये आकाश फार दिसत होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बागांमध्ये दोन-तीन पिढ्यांनी वाढवलेली नारळ-पोफळीची झाडे एका दुपारीत आडवी झाली. पोफळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि तोपर्यंत तिला वरून सावली लागते. नारळच पडल्यामुळे नव्या रोपांना ती सावलीही उरली नव्हती. मावशींनी मधल्या ओळींत केळी लावून रोपे जगवली. पूर्वी सुपारी उतरवणारा गडी एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीवर जाई आणि जमिनीला पाय न लावता अर्धी बाग उतरवी. आता झाडे विरळ असल्याने त्याला प्रत्येक झाड वेगळे चढावे लागते आणि मजुरी त्या हिशेबाने वाढली आहे. वादळाने झालेले नुकसान पंचनाम्यात मोजले गेले. हे दुसरे नुकसान कुठल्याच कागदावर आलेले नाही.

तिसरा दिवस : श्रीवर्धन ते वेळास

अंतराने हा दिवस सर्वांत लहान होता. हरिहरेश्वरला ओहोटी होती म्हणून खडकांतून जाणारी प्रदक्षिणेची वाट मोकळी मिळाली. तिथले खडक लाटांनी मधमाशीच्या पोळ्यासारखे पोखरलेले आहेत. पुढे पाचेक किलोमीटरवर बागमांडला, समोर सावित्रीच्या पलीकडे वेश्वी. महाबळेश्वरला गोमुखातून निघणारी सावित्री इथे एवढी रुंद झाली आहे की पलीकडच्या काठावरची माणसे ओळखू येत नाहीत.

नदीत पुलाचे अर्धवट खांब उभे आहेत. पूल झाला नाही तोवर रस्त्याने जायचे तर नदीकाठाने आत आंबेतच्या पुलापर्यंत वळसा घ्यावा लागतो. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने एकसलग रस्ता व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० च्या दशकाच्या आरंभीची. आंबेत हे त्यांचेच गाव. आता त्या सागरी महामार्गाच्या कामाने पुन्हा गती घेतली आहे आणि मोठ्या खाड्यांवर पूल होणार आहेत. जेट्टीवर बसलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की त्यांच्या आईला रात्री छातीत दुखू लागले तेव्हा शेवटची फेरी सुटून गेली होती. ते ऐकल्यावर पूल नको असे म्हणण्याचा अधिकार मला, चार दिवस हौसेने आलेल्या माणसाला, नाही. पण रस्ता रुंद करताना त्याच्या कडेला चालणाऱ्याला आणि सायकलला हक्काची पट्टी ठेवावी, आणि पूल झाले तरी जेट्टी मोडून टाकू नयेत, हे मी मनापासून मागतो. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेचे मास्तर, औषधाची पिशवी घेऊन परतणारा मुलगा, बकरी घेऊन निघालेले आजोबा हे सारे पंधरा मिनिटे एकमेकांशेजारी उभे राहतात, अशी दुसरी जागा या दोन तालुक्यांमध्ये नाही.

वेश्वीहून बाणकोटची चढण चढलो. किल्ला छोटा आणि नेटका आहे. १७५६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले. बुरुजावरून सावित्रीचे मुख, हरिहरेश्वरचा डोंगर आणि आम्ही सकाळी सोडलेला किनारा एकाच नजरेत येतो. तिथून उतरून वेळासला आलो. नाना फडणवीसांचे हे गाव आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे अंडी जपायला सुरुवात केली, आणि ज्या गावात पूर्वी ही अंडी चोरीला जात, त्या गावातली घरेच आज पाहुण्यांना राहायला मिळतात. संध्याकाळी पुळणीवर कुंपणाच्या आत एकेका घरट्यावर उपडी ठेवलेली टोपली कार्यकर्त्याने उचलून पाहिली. एकाही टोपलीखाली पिल्लू नव्हते. त्याने प्रत्येक टोपली पुन्हा पहिल्यासारखी, कड वाळूत दाबून ठेवली आणि वहीत तारखेपुढे शून्य लिहिले.

चौथा दिवस : वेळास ते कर्दे

सकाळी पुन्हा कुंपणापाशी गेलो. पुन्हा शून्य. मग निघालो. केळशीला जायला आतल्या बाजूने फिरून भारजा नदी ओलांडावी लागते, आणि हे सगळे चढ भर उन्हात आले. केळशीच्या किनाऱ्यावरची वाळूची प्रचंड टेकडी पाहण्यासारखी आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिच्या थरांचा अभ्यास करून जुन्या काळी इथे त्सुनामी आली असावी असा निष्कर्ष मांडला होता.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती करून जोग नदीच्या पुलावरून हर्णैला आलो. पूर्वी इथेही होडीच होती. हर्णैच्या बंदरात दुपारी लिलाव चालू झाला होता. खोल पाण्यातल्या होड्यांपासून बैलगाड्या मासळी किनाऱ्यावर आणत होत्या, बैलांच्या पोटापर्यंत पाणी होते, आणि समोर सुवर्णदुर्ग पाण्यात स्थिर उभा होता. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, त्यात पेशव्यांनी इंग्रजांना साथ दिली. मराठी आरमाराचा कणा मराठ्यांच्याच संमतीने मोडला गेला, ही गोष्ट तिथे उभे राहिल्यावर फार टोचते. लिलावाच्या भाषेतले आकडे आम्हांला उमगत नव्हते. सुरमईच्या एका वाट्यावर तीन बायका वाकल्या, एकीने बोट उचलले आणि व्यवहार झाला.

कर्द्याचा मुक्काम शांत होता. तत्पूर्वी दापोली तालुक्यातल्या मुरुडात (पहिल्या मुक्कामाचे मुरुड वेगळे) थांबून महर्षी कर्व्यांच्या गावाला नमस्कार केला.

पाचवा दिवस : कर्दे ते गुहागर

लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. नकाशावर हा तुकडा छोटा दिसतो, पण सगळ्यात जास्त चढ-उतार इथेच आहेत. काही घाट्या इतक्या उभ्या आहेत की पुतणी उभी राहून पॅडल मारत होती आणि मी दोनदा खाली उतरून सायकल ढकलली. काटेसावर लाल फुलली होती, आंब्याला मोहोर आणि बारीक कैऱ्या एकाच वेळी दिसत होत्या.

दाभोळच्या आधीच्या उतारावर माझ्या मागच्या ब्रेकमधून आधी करकर आणि मग लोखंड घासल्याचा आवाज आला. थांबून पाहिले तर एका बाजूचे रबर संपून आतली पत्री रिमला लागत होती आणि रिमवर चकाकती रेघ उमटली होती. निघण्यापूर्वी पुण्यातल्या एका दुकानात सायकल दुरुस्त करून घेतली होती आणि ब्रेक “अजून हजार किलोमीटर जातील” असे मला सांगण्यात आले होते. मी स्वतः चाक काढून पाहायला हवे होते, पण ज्याने पैसे घेऊन तपासले त्याने हे सांगायला नको होते. भरलेल्या सामानासह असा उतार आणि एकच ब्रेक, यात जीव जाऊ शकतो. उरलेले दोन किलोमीटर चालत उतरलो.

दाभोळात सायकलचे दुकान नव्हते, पण मोटारसायकली दुरुस्त करणारे एक गॅरेज होते. तिथल्या मिस्त्रींनी आमची अडचण ऐकून घेतली, रबराची लांबी बोटांच्या पेरांवर मोजली आणि म्हणाले, “वायच बसा.” कोपऱ्यात एका लहान मुलाची मोडकी सायकल पडली होती. तिचे ब्रेक त्याच पद्धतीचे होते, पेचही त्याच मापाचा. त्यांनी चारही रबरे काढली, दोन चांगली निवडली, त्यांवर धरलेला कडक थर बाहेरच्या जांभ्याच्या चिऱ्यावर घासून काढला, आणि चाक फिरवत-फिरवत रबर टायरला न लागता रिमच्या मधोमध बसेल असे आवळले. मग मला वर घाटीच्या पहिल्या वळणापर्यंत पाठवून खाली उतरायला सांगितले आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मी त्यांच्यापासून चार हातांवर थांबलो, तेव्हा त्यांनी मान हलवली. पैसे घेतले ते फक्त चहाचे. ती दोन रबरे रत्नागिरीपर्यंत आणि नंतरही चालली.

दाभोळ हे बहामनी काळातले नावाजलेले बंदर. धक्क्याजवळच सतराव्या शतकातली देखणी दगडी मशीद आहे, आणि तिच्या पायऱ्यांवर बसून आम्ही फेरीची वाट पाहिली. दाभोळ-धोपावे ही फेरी २००३ मध्ये सुरू झाली आणि तिने वाशिष्ठीच्या दोन काठांमधला चिपळूणचा वळसा वाचवला. धोपाव्याहून पुन्हा चढ, मग अंजनवेलचा फाटा, आणि संध्याकाळी गुहागर. गावाची एकच लांब वस्ती आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे, मागे आगर, आगरापलीकडे सुरूचे बन आणि मग समुद्र. व्याडेश्वराच्या देवळात दिवे लागले होते. दिवसभरात साठ किलोमीटरही झाले नव्हते, पण पाय थरथरत होते.

सहावा दिवस : गुहागर ते मालगुंड

पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ असा किनारा धरून गेलो. हेदवीला दशभुज गणेशाचे दर्शन घेऊन खाली बामणघळीकडे उतरलो. काळ्या खडकात एक अरुंद भेग आहे, भरतीची लाट तिच्यात शिरते आणि टोकाशी कोंडून कारंज्यासारखी उडते. आम्ही पोहोचलो तेव्हा भरती अर्ध्यावर होती. सात-आठ लाटा नुसत्याच आत जाऊन परत आल्या, आणि मग एक अशी आली की पायाखालचा दगड आधी हादरला आणि पाणी नंतर दिसले.

हेदवीनंतरचा सडा मला फार आवडला. झाडे नाहीत, घरे नाहीत, जांभ्याचा काळपट कातळ, सुकलेले गवत, आणि रस्ता सरळ. पावसाळ्यात हाच कातळ फुलांनी भरतो. वाऱ्याला अडवायला काही नसल्यामुळे दुपारी अकरानंतर समुद्रावरून येणारे वारे अंगावर घ्यावे लागते, म्हणून सडे सकाळी दहाच्या आत पार करणे चांगले. या वाटेने येणाऱ्यांना मी आणखी एक सांगेन की पाण्याच्या दोन बाटल्या पुरत नाहीत. तीन हव्यात, आणि त्यांतल्या एकीत कोकम, मीठ आणि थोडा गूळ.

तवसाळहून शास्त्री नदीवरची शेवटची जंगलजेट्टी घेतली. बोटीवरच्या तिकीट देणाऱ्या मुलाने विचारले, “ताई, गाडी नाही तुमच्याकडे?” पुतणीने मांडव्यापासूनची सगळी गावे त्याला एकामागून एक सांगितली. त्याने सायकलची चाके दाबून पाहिली आणि तिकीट घेतले नाही. आम्ही आग्रह केल्यावर एकीचेच घेतले. जयगडला उतरल्यावर बंदराकडे जाणारे अवजड ट्रक लागतात आणि तेवढा तुकडा जपून, एकामागे एक जावे लागते. मालगुंडच्या फाट्याला वळल्यावर पुन्हा शांतता. केशवसुतांचा जन्म या गावातला. त्यांच्या स्मारकातले जुने घर, शेणाने सारवलेली जमीन आणि अंगणात दगडांवर कोरलेल्या कविता पाहताना संध्याकाळ झाली. पुतणी इंग्रजी माध्यमात शिकलेली आहे. ती प्रत्येक शिळेपाशी थांबून हळू आवाजात वाचत होती आणि अडले की विचारत होती. मी तिला कुठेही घाई केली नाही.

सातवा दिवस : मालगुंड ते रत्नागिरी

फक्त तीसेक किलोमीटर. गणपतीपुळ्याला पहाटेच दर्शन झाले. पुढे आरे-वारेची चढण. वर पोहोचल्यावर खाली दोन्ही किनारे दोन अर्धवर्तुळांसारखे दिसतात आणि मध्ये सुरूच्या बनाची गडद पट्टी. याच जागेसाठी लोक गाड्या घेऊन येतात. आम्हांला ती खालून वर, एकेक वळणाने, उलगडत मिळाली.

रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर थोडा वेळ बसलो. तिथून दक्षिणेला भाट्याची खाडी आणि तिच्यावरचा पूल दिसतो. त्या पुलावरून रस्ता पावस, पूर्णगड, जैतापूर असा खाली जातो. पुतणीने नकाशा उघडून विजयदुर्गपर्यंतच्या खाड्या मोजायला सुरुवात केली. आमची गाडी दुपारची होती.

स्टेशन शहरापासून वर, चढावर आहे. पार्सल कचेरीत सायकली गोणपाटात गुंडाळून दिल्या. कारकुनाने पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर काळ्या शाईने रत्नागिरी-ठाणे असे लिहिले, सुतळीने ती माझ्या हँडलला बांधली आणि बोटांना लागलेली लाल माती पाहून विचारले, “किनाऱ्याने आलात का?”